डब्यातला शोणभद्र

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरकावं, सतरंजी मोकळी आहे. इतकी वर्षं कीर्तनं ऐकून मला एक खोड लागली आहे, ऐकणाऱ्याचे डोळे दिसल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही. आज सांगणार आहे ती गोष्ट कुठल्या पोथीत सापडायची नाही. ती आमच्या गल्लीत, माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि तिच्यात जे बिघडलं ते माझ्याच पायानं बिघडलं. पण ऐका, शेवट गोड आहे.

हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन पस्तीस वर्षं उलटली होती. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत. मी, बद्रीनाथ, गुलमंडीत एका दुकानात कापड फाडायचो आणि मागच्याच गल्लीत राहायचो. आमच्या भिंतीला भिंत लावून वैजनाथचं घर. वैजनाथ एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक. घरात तो, त्याची बायको अंबिका, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्याच्या वडिलांची बहीण अनसूया. वैजनाथ त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणायची. घरात लेकरूबाळ नव्हतं. त्या जागी ह्यांना दगड आहेत, असं वहिनी म्हणायच्या, पण हसून म्हणायच्या.

वैजनाथचा नाद असा. उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटायचं थांबलं की पैठणला गंगेचं पात्र उघडं पडतं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या पात्रातल्या गोट्यांत अकीक सापडतात, बाहेरून बटाट्यासारखे मळकट आणि आतून मधासारखे. सुट्टीच्या दिवशी हा पहिल्या गाडीनं पैठणला जायचा आणि दुपारी खांद्याला पिशवीचा ओढा घेऊन परत यायचा. कंडक्टर ओळखीचे. ते म्हणायचे, "वैजनाथभाऊ, लोक पैठणहून पैठणी आणतात, तुम्ही दगडं आणता. वहिनी घरात कशा घेतात?" वैजनाथ म्हणायचा, "पैठणी फाटते."

मागच्या पडवीत त्यानं एक यंत्र जमवलं होतं. कूलरची मोटर, तिच्या पट्ट्यावर फिरणारे दोन लोखंडी गज आणि त्या गजांवर आडवा लोळणारा जाड पत्र्याचा डबा. डब्याला आतून टायरच्या ट्यूबचं अस्तर. डब्यात गोटे भरायचे, व्हॉल्व्ह घासायची भरड पावडर टाकायची, गोटे बुडतील इतपत पाणी घालायचं, झाकण आवळायचं आणि बटण दाबायचं. मग आठ दिवस तो डबा लोळत राहतो. गोटा गोट्याला घासतो, मधली पावडर दोघांना खाते. आठ दिवसांनी उघडून धुवायचं, मग त्याहून बारीक पावडर, मग आणखी बारीक, आणि शेवटी चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांकडे मिळते ती गुलाबी भुकटी. महिना-सव्वा महिना गेला की त्या मळकट गोट्याचं असं काही व्हायचं की उन्हात कोरडा ठेवला तरी ओला वाटावा.

पहिल्या वर्षी त्यानं आतला गाळ मोरीत ओतला होता. मोरी सिमेंट भरल्यासारखी बसली. वहिनी माहेरी जायला निघाल्या, आत्यांनी समजूत काढून थांबवलं. तेव्हापासून गाळ बादलीत आणि बादली गल्लीबाहेर.

मला त्या डब्याचा आवाज आवडायचा. लांबच्या देवळात भजन रंगलंय, शब्द कळत नाहीत, नुसता गजर पोचतोय, तसा तो आवाज आमच्या भिंतीतून यायचा.

एक गोष्ट मात्र वैजनाथला अकरा वर्षांत मिळाली नव्हती. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्याला सांगितलं होतं की आपल्या पायाखालचा हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एका दमात आला नाही. एक थर यायचा, निवायचा, त्याच्यावर पाऊस पडून तळी साचायची, तळ्यांत शेवाळ, गोगलगाई, काठाला झाडं. मग पुन्हा लाव्ह्याचा लोट यायचा आणि ते सगळं झाकून टाकायचा. कुठं कुठं त्या गोगलगाईंच्या शंखांत अकिकाचं पाणी झिरपलं आणि शंखासकट सगळं दगड होऊन बसलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. असा एखादा अकीक आपल्या हातानं घासून बघायचा, एवढी एकच हाव त्याला होती. प्रत्येक गोटा डब्यात टाकण्याआधी तो भिंग लावून बघायचा आणि मान हलवून आत टाकायचा.

इथपर्यंत पूर्वरंग समजा. आता आत्यांच्या देवांकडे वळू.

त्या घरात पंचायतन होतं. पाच दगड, पाच देव. विष्णूचा काळा शाळिग्राम, महादेवाचा पांढरट बाण, सूर्याचा स्फटिक, देवीचा सोनेरी ठिपक्यांचा आणि गणपतीचा लाल शोणभद्र. वैजनाथचे पणजोबा काशीयात्रेला पायी गेले होते, त्यांनी हा शोणभद्र शोण नदीतून आणला होता. पूजा पूर्वी घरातले पुरुष करत. रझाकारांच्या धामधुमीत पुरुषमाणसं निजामाची सरहद्द ओलांडून नगरकडं गेली आणि घरात उरल्या आत्या, तरुण वयात विधवा झालेल्या. देव पारोसे ठेवायचे कसे, म्हणून त्यांनी पूजा सुरू केली. पुरुष परत आले तेव्हा त्यांच्या हातून देव काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून एक दिवस खंड नाही. आता डोळ्यांत मोती पिकला होता, तरी पाची देवांना आंघोळ, गंध, फूल, सगळं त्या हातानं चाचपत करायच्या. शोणभद्रावर जीव जरा जास्तच. त्याला त्या 'अरे' म्हणायच्या, बाकीच्यांना 'अहो'.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आत्यांनी देव चिंच लावून घासले. पाची दगड तांब्याच्या तबकात मांडून गच्चीवर उन्हात ठेवले. शेजारीच पोत्यावर वैजनाथचे धुतलेले गोटे वाळत पडलेले. त्या खेपेला त्यानं सगळे लाल गोटे निवडले होते, भिंगानं बघूनही झाले होते. मी दुकानातून जेवायला आलो होतो. त्यानं खालून हाक मारली, बद्री, तेवढं पोतं खाली आण. मी गेलो, उन्हानं डोळे दिपलेले, वळलो आणि पाय तबकाला लागला. तबक कलंडलं. पाची देव पोत्यावर.

बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी सोवळ्याचे देव आहेत त्यांना माझी अवस्था कळेल. अंगात शर्ट-पँट, बाजारातून आलेलो, आणि देवाला पाय लागला. मी कान धरले, गालात मारून घेतलं, घाईघाईनं देव गोळा केले. काळा, पांढरा, स्फटिक, ठिपक्यांचा, हे चार लगेच कळले. तबकाच्या काठाशी एक लाल गोटा पडला होता, त्याच आकाराचा. तो उचलला, कपाळाला लावला, तबकात ठेवला. पोतं खाली नेलं. कुणाला काही बोललो नाही. पाय लागला हे सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही. संध्याकाळी मारुतीला पाच प्रदक्षिणा घातल्या आणि मनातून विषय काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याचा मुहूर्त धरून वैजनाथनं डबा सुरू केला.

आमच्या राममंदिरात पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज संध्याकाळी कीर्तन असतं. पाचव्या दिवशीच्या बुवांनी 'ओळख' हाच विषय घेतला होता. रोज ज्या वस्तूला हात लागतो तिची ओळख डोळ्यांत राहत नाही, ती तळहातात उतरते, असं काहीसं ते म्हणाले आणि दाखल्यासाठी त्यांनी नुसता आपला चिपळीचा हात वर केला. का कोण जाणे, मी माझा तळहात बघितला. आणि मला आठवलं. गच्चीवर मी जो लाल गोटा कपाळाला लावला तो खरखरीत होता. आत्यांचा शोणभद्र तर पिढ्यान्‌पिढ्या तूप, दूध, गंध पिऊन गुळगुळीत झालेला. प्रसाद घेताना मी कितीदा त्याच्यावरून निथळणारं पाणी बघितलं होतं.

बुवा पुढं काय बोलले ते मला ठाऊक नाही. आरतीत माझ्या टाळ्या चुकत होत्या.

सकाळी दुकानात जायच्या आधी मी वैजनाथच्या पडवीत गेलो आणि सगळं सांगितलं. तो यंत्राला तेल देत होता. त्यानं बटण बंद केलं. डबा एक गिरकी घेऊन थांबला. पाच दिवस चालू असलेला आवाज बंद झाल्यावर घर एकदम रिकामं वाटलं.

झाकण काढून त्यानं राखाडी गाळ बादलीत ओतला, गोटे परातीत धुतले. सव्वीस लाल गोटे. भरड पावडरीनं सगळ्यांची कातडी गेलेली, सगळे सारखेच निस्तेज, खडूनं घासल्यासारखे. त्यातला देव कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

वैजनाथ परातीशी उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, की आत्याला आता दिसत नाही. देव्हाऱ्यात जो आहे त्याचीच पूजा चाललीय, चालू दे. मला त्याची भीती कळत होती. सापडलाच, तरी ज्याची कातडी सोलली गेली तो देव खंडित म्हणायचा की काय? खंडित देव घरात ठेवत नाहीत, गंगेत सोडतात. म्हणजे मी आत्यांना सांगायचं, तुमचा देव मी डब्यात घातला, आणि आता तो पैठणला नेऊन पाण्यात टाका. ज्या देवानं त्यांना जन्मभर सोबत केली, तो.

वहिनी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की मी सांगणारही नाही आणि खोटंही बोलणार नाही, काय ते तुम्ही दोघं ठरवा.

तेवढ्यात देवघरातून हाक आली. "बदरी आलाय का? तीर्थ घेऊन जा."

गेलो. आत्यांनी पळीनं तळहातावर तीर्थ घातलं. ते माझ्यानं ओठापर्यंत नेववेना. तसाच हात पुढं धरून बसलो आणि बोललो. पाय लागल्यापासून डब्यापर्यंत. बोलता बोलता तीर्थ बोटांतून गळून गेलं.

आत्या शांतपणे वाती वळत होत्या. म्हणाल्या, "पाडव्याच्या सकाळीच कळलं मला."

वैजनाथ माझ्या मागं येऊन उभा होता. तो म्हणाला, "काय कळलं?"

"हातात घेतला आणि म्हटलं, हा आपला नव्हे. हा कुणी दुसराच आहे."

"मग बोलली का नाहीस, आत्या?"

"मला वाटलं, अंबिकेच्या हातून पडला. फुटला असेल, म्हणून तिनं तुझ्यातला एक आणून ठेवला. पोरीला किती भ्या वाटलं असेल. म्हटलं, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. आपण विचारून तिला का रडवायचं?" वात वळून झाली, त्यांनी ती तुपात बुडवली. "तोवर हा आलाय तर पाहुणा. त्याला आंघोळ घालत होते. रोज सांगत होते, बाबा, घरधनी बाहेर गेलाय, आला की गाठ घालून देते."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. पाच दिवस आत्या कमी बोलतात म्हणून आपलं काय चुकलं याचा त्या घोर करत होत्या, हे मला मागून कळलं. एका घरात चौघं जण, आणि चौघंही एकमेकांना जपत गप्प. मी तर शेजारचा, पण मलाही त्यात धरा.

मग परात देवघरात आली. आत्यांनी एकेक गोटा उचलायला सुरुवात केली. उचलायचा, बोटांत फिरवायचा, डावीकडं ठेवायचा. दहा झाले, पंधरा झाले. अंगठा अडखळायचा, पुन्हा ठेवायच्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता त्या म्हणणार की ओळख पटत नाही, आणि त्या क्षणी आपण इथून उठून कुठं जाऊ?

"सगळ्यांचं अंग एकसारखं करून टाकलंस रे," त्या वैजनाथला म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "त्याला एका बाजूला खळगा आहे. मसुराएवढा. मी गंध तिथंच लावते, म्हणजे घरंगळत नाही."

वैजनाथ चटकन खाली बसला. खळगा आधी होता तर तो घासूनही टिकलेला असायलाच हवा होता. गोटे एकमेकांवर घासतात ते अंगाला अंग लावून, बारक्या खळग्यात दुसऱ्या गोट्याला शिरता येत नाही. आजवर खळग्याचा गोटा निघाला की तो कुरकुरायचा, एवढं घासूनही डाग राहिला म्हणून. आता तो भिंग घेऊन एकेक गोटा फिरवू लागला. दोन निघाले खळग्याचे. त्यानं दोन्ही आत्यांच्या हातावर ठेवले. आत्यांनी पहिला नाकाशी नेला, खाली ठेवला. दुसरा नाकाशी नेला आणि तिथंच धरून राहिल्या. मग माझ्यापुढं केला. एवढ्या गाळातून, एवढ्या पावडरीतून निघालेल्या त्या दगडाच्या खळग्यात काळपट लाल गर बसलेला होता, आणि त्याला चंदनाचा वास होता. अगदी पुसट. पण होता.

"आलास का," आत्या त्याला म्हणाल्या.

आम्ही तिघांनी नमस्कार केला. वैजनाथनं गोटा पाण्यात बुडवला, पुसायच्या आधी सवयीनं खिडकीशी नेला, भिंग लावलं, आणि तो तसाच उभा राहिला. वहिनी पुढं झाल्या, त्याच्या हाताला हात लावला. त्यानं गोटा आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मंडळी, मी काय बघितलं ते सांगतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तूप-गंधाखाली जी काळपट कातडी होती ती गेली होती, आणि तिच्याखाली लाल दगडात शंख होते. जिऱ्याच्या दाण्याएवढे, काही तांदळाएवढे. कोणी आडवे कापल्यासारखे, त्यांचे वेढे पांढऱ्या रेघेनं काढलेले. कोणी उभे. वेढ्यांच्या आत मधाच्या रंगाचा अकीक भरलेला, आणि एकात तर खाली लाल नि वर स्वच्छ, अशी आडवी सपाट रेघ होती, भांड्यात पाणी साचून राहिल्यासारखी. पंधरा मोजले. मी कापडावर वेलबुट्ट्या बघण्यात आयुष्य घालवलेला माणूस. इतकी बारीक वीण मी कुठं पाहिली नव्हती.

अकरा वर्षं वैजनाथ ज्याच्यासाठी नदी उपसत होता ते त्याच्या घरातच होतं. रोज त्याच्यावरून निथळलेलं पाणी तो पीत होता.

पण त्याचा चेहरा आनंदाचा नव्हता. तो आत्यांसमोर बसला आणि म्हणाला, "आत्या, याची कातडी गेलीय. गुरुजींना विचारलं तर म्हणतील, खंडित झाला, गंगेत सोडा."

"भेग आहे का?"

"नाही."

"टवका?"

"नाही. पण आत काहीतरी दिसतंय." आणि त्यानं सांगितलं. लाव्हा, तळं, गोगलगाई, साडेसहा कोटी वर्षं. शोण नदी उगम पावते त्या अमरकंटकापर्यंत हाच आपला काळा कातळ पसरलेला आहे, तेही सांगितलं. आत्या ऐकत होत्या, कीर्तनात ऐकतात तशा, मान थोडी कलती करून.

मग म्हणाल्या, "शाळिग्रामाच्या पोटात चक्र असतं म्हणून आपण त्याला विष्णू म्हणतो. याच्या पोटात जीव निघाले, तर हा खंडित कसा रे? हा तर भरलेला आहे."



"आणि आता याला असा अर्धवट ठेवू नकोस," आत्या म्हणाल्या. "उटणं लावून निम्म्यात कुणी आंघोळ सोडतं का? पुरी कर. पण एक सांगते. भेग पडली तर तो माझ्याकडं राहणार नाही, मी स्वतः गाडीत बसून त्याला गंगेवर पोचवीन. आणि तुम्ही दोघांनी वाईट वाटून घ्यायचं नाही."

वैजनाथ नको म्हणत होता. भरड पावडर बाजूला, पण बारकीनंही थोडं झिजतंच. वरवरचे शंख जातील. आतला एखादा दबलेला तडा उघडला तर दगड दुभंगतो, त्याचे तसे कितीतरी दुभंगले होते. आत्या म्हणाल्या, "त्याला राहायचं असेल तर राहील."

ते चार आठवडे मी विसरणार नाही. वैजनाथनं शोणभद्रासोबत आपले जुने, आधीच गुळगुळीत झालेले अकीक भरले, मध्ये जाड कापसाचे बोळे घातले. आत्या रोज सकाळी पडवीत यायच्या, फिरत्या डब्यापुढं पाट मांडायच्या, गजाला हळदकुंकू लावायच्या आणि डब्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून म्हणायच्या, चालू दे. नैवेद्याचं ताट आधी देव्हाऱ्याला आणि मग डब्याला. लाईट गेली आणि डबा थांबला की त्या घास खाली ठेवायच्या. मग वहिनी पडवीत येऊन मोटरीलाच दटावायच्या, बाई, म्हातारं माणूस उपाशी आहे, चल लवकर. गल्लीतल्या बायका डब्याला नमस्कार करून जाऊ लागल्या. मी दुकानाच्या आधी नि नंतर हजेरी लावायचो. कामाचं काही नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं.

दर आठवड्याला डबा उघडला की वैजनाथ दगड खिडकीशी न्यायचा. आधी भेग बघायचा, मग शंख मोजायचा. पहिल्यांदा चौदा. दुसऱ्यांदा बारा. दोन पुसले गेले होते आणि एकाची नुसती पांढरी कडी उरली होती. त्या दिवशी तो मला म्हणाला, की साडेसहा कोटी वर्षं टिकलं ते माझ्या डब्यात गेलं, बद्री, मी कुठल्या तोंडानं पुढं चालवू? मी म्हटलं, आत्यांना विचार. आत्या म्हणाल्या, "गेले ते मोकळे झाले. चालव."

चौथ्या आठवड्याला गुलाबी भुकटी. वैशाखातलं ऊन अंगणात आलेलं. वैजनाथनं झाकण उघडलं, हात घातला, दगड काढून स्वच्छ पाण्यात धुतला, मऊ फडक्यानं पुसला. खिडकीशी नेला नाही. तसाच थेट आत्यांच्या तळहातावर ठेवला.

"भेग?" आत्यांनी विचारलं.

"तूच बघ."

त्यांनी बोटं फिरवली. एकदा, दोनदा. खळग्यावर अंगठा टेकवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. "आरसा झालाय," त्या म्हणाल्या. "बदरी, मला दिसत नाही. तू सांग."

मी त्यांच्या शेजारी बसलो. दगड उन्हात आला होता आणि त्याच्या लाल पोटात उजेड खोलवर उतरला होता, विहिरीच्या पाण्यात दुपारी उतरतो तसा. मी त्यांचं बोट धरलं आणि एकेका शंखावर ठेवत सांगत गेलो. हा बघा, याचे चार वेढे आहेत. हा लहान, त्याच्या पाठीमागं लपलाय. हा उलटा पडलाय. इथं तिघं जण एका ओळीत आहेत, जसे काठाकडं निघाले होते. याच्यात पाणी साचून राहिल्यासारखं दिसतंय. बारा झाल्यावर मी थांबलो.

वहिनींनी चुलीवरचं दूध उतरवलं.

"साडेसहा कोटी म्हणालास ना रे, वैजनाथा?"

"व्हय, आत्या."

"आणि मला वाटायचं, मी एवढी वर्षं याला आंघोळ घातली. केवढी सेवा केली, असं वाटायचं." त्यांनी दगड दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "हा तेव्हापासून वाट बघतोय. कुणी त्याच्या अंगावर पाणी घालावं म्हणून नव्हे. ज्यांना पोटात घेतलं त्यांना सांभाळत बसलाय."

मग त्या उठल्या, सोवळं नेसल्या आणि अभिषेक केला. शोणभद्र आपल्या जागी बसला. पाडव्याचा पाहुणाही गेला नाही. त्याला कोणत्या देवाचं नाव द्यायचं हे आत्यांनी ठरवलंच नाही, शेवटच्या जागेवर त्यालाही गंध लागलं. पंचायतनात सहा दगड असलेलं घर तुम्ही दुसरं बघितलं नसेल. त्या दिवशीचं तीर्थ मी एक थेंब न सांडता प्यालो.

आत्या त्यानंतर चार वर्षांनी गेल्या, आषाढात, पूजा आटोपून, वाती वळता वळता. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, त्यांच्या मागं त्यांचं लेकरू नाही. म्हणून तुमच्यापाशी एक मागणं आहे. उद्या सकाळी घरातल्या देवावर पाणी घालाल, किंवा वाटेत एखादा दगड उचलून उन्हात धराल, तेव्हा मनात एकदा म्हणा, अनसूया आत्या. एवढं म्हणा आणि मग आपल्या कामाला लागा.